थांबून बोलणारी माणसं

काही माणसांना चालता चालता महत्त्वाचं सांगताच येत नाही. किस्सा रंगात आला की ती थांबतात, आपला दंड धरतात, शेवटचं वाक्य टाकतात आणि मगच पुढचं पाऊल उचलतात. बहुतेक वेळा हा निव्वळ नाटकीपणा असतो, आणि मला तो आवडतो.

उतारवयात मात्र हे थांबणं वेगळंच काही सांगत असू शकतं. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं निरीक्षण छापलं. ५८ वृद्धांबरोबर चालताना त्यांनी सहज गप्पा काढल्या. बोलणं सुरू होताच १२ जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण कुठे ना कुठे पडले. यंत्र नाही, रक्ततपासणी नाही, नुसत्या गप्पा!

चालणं आपण पायांच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. पावलांचा ठेका बराचसा मज्जारज्जू सांभाळतो, हे खरं. पण खड्डा चुकवायचा, समोरच्याला वाट द्यायची, तोल सावरायचा म्हटलं की मेंदूला लक्ष घालावंच लागतं. त्यातच गप्पा आल्या की ओढाताण होते, आणि ती आधी पायांत दिसते. म्हणून चालीच्या तपासणीत चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात आणि वेग किती घटला ते बघतात. करून पाहा. त्र्याण्णव, शहाऐंशी इथवर ऐट टिकते. बहात्तरच्या आसपास माझं पाऊल आखूड होतं आणि हात हलायचे थांबतात. धडधाकट माणसाचाही वेग थोडा पडतोच. फार पडला, किंवा पावलं एक लांब एक आखूड अशी पडू लागली, तर स्मरणशक्तीकडेही बघून घ्यावं.

न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. त्यांच्यातल्या ४५व्या वर्षी हळू चालणाऱ्यांचे बौद्धिक चाचण्यांतले गुण सरासरीने कमी निघाले. गंमत म्हणजे, या वेगाचं नातं तिसऱ्या वर्षी घेतलेल्या चाचण्यांशीही जुळलं. तेव्हा चाल मंदावली म्हणून मेंदू मंदावला, इतकं सरळ हे प्रकरण नाही.

शिवाय गुडघे असतात, सैल चप्पल असते, चष्म्याचा नंबर बदललेला असतो, झोपेची गोळी असते. हळू चालणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघायला लागलो तर घरात कुणी आपल्याबरोबर फिरायला येणार नाही. तुलना करायची ती ज्याच्या-त्याच्या जुन्या चालीशी. पण ती पाहिलेली कुणी असते? मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा अख्खं घर गोळा होतं. त्यानंतर आपण लंगडेपर्यंत आपल्या पायांकडे कुणी ढुंकून बघत नाही. तपासणीला गेल्यावर दारापासून खुर्चीपर्यंतची चार पावलं तरी डॉक्टरांनी बघावीत. तेव्हा ते नेमके आधीच्या पेशंटच्या कागदात मान घालून बसलेले असतात.