मानेचा व्यायाम तेवढा नको

आमवाताचा, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा, पेशंट सकाळी, सांधे आखडलेले असताना बघावा. अकरा वाजता दवाखान्यात येईपर्यंत सांधे बऱ्यापैकी सुटलेले असतात आणि माणूस 'बरंय की' म्हणून मोकळा होतो. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणून कराडजवळच्या एका गावात अशाच एका पेशंट काकूंच्या घरी सातलाच पोचले. चहाचा कप त्यांनी कानाला न धरता दोन्ही तळव्यांत धरला होता. आजार जुना, 'सोमवारची गोळी' नियमित चालू. या आजारावरचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, त्यामुळे आमच्याकडे गोळीला वाराचंच नाव पडतं.

बोटं करंगळीकडे झुकू लागली होती, त्यांच्या मुळाशी सूज. सुनेनं हौसेनं रबरी चेंडू आणून दिला होता, तो मी आधी बाजूला ठेवला. सांधा सुजलेला असताना मूठ जोरात आवळली की बोटं आणखी त्याच बाजूला ओढली जातात. ओले कपडे पिळताना हेच होतं, पण चेंडूला व्यायाम म्हणतात म्हणून त्याच्यावर कुणाला शंका येत नाही. सांधे शांत असतील, औषध लागू पडलं असेल, तर हातांना ताकदीचे व्यायाम जरूर द्यावेत. इंग्लंडमध्ये ४९० रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली छापून आलेल्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला आहे. काकूंचे सांधे त्या दिवशी शांत नव्हते.

मग कोमट पाण्यात दहा मिनिटं हात. पाण्याबाहेर काढून बोटं सरळ, मग हुकासारखी वाकवून, मग सैल मूठ. तळवा टेबलावर ठेवून एकेक बोट अंगठ्याकडे सरकवायचं. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत उतरलं नाही, तर दुसऱ्या दिवशी निम्मंच करायचं.

निघता निघता विचारलं, "आणखी काय करता?"

"मोबाईलवर बघून मान फिरवते की. गोल गोल." त्या करून दाखवायला लागल्या. "पर खाली घातली की पाठीतनं करंट जातोय बघा, पार पायापत्तर."

"काकू, थांबा. मान सरळ ठेवा."

गुडघ्यावर हातोडी हलकीच मारली, तर पाय जोरात उडाला. ब्लाऊजचे हूक लागत नाहीत, चालताना तोल जातो, असं सून म्हणाली. हुकांचं खापर सगळ्यांनी वाकड्या बोटांवर फोडलं होतं आणि तोलाचं वयावर. मानेतले वरचे दोन मणके एका बळकट पट्ट्यानं जागेवर धरलेले असतात. आमवात बोटांसारखाच तोही पोखरतो. मग मान वाकवली की पहिला मणका पुढे घसरतो आणि मज्जारज्जू दाबला जातो; करंट, उडणारा पाय, हूक, तोल, सगळं त्यातूनच. मान दुखलीच पाहिजे असंही नाही.

तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. मानेला कॉलर घालून दुपारी कराडला नेलं. मान सरळ ठेवून काढलेल्या एक्स-रेत फारसं काही दिसेना. वाकवलेल्या स्थितीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढलेल्यात पहिला मणका घसरलेला दिसला. मोठ्या माणसात पहिला मणका आणि दुसऱ्याचा वर आलेला खुंट यांतलं अंतर साधारण ३ मिलिमीटरपर्यंत चालतं, काकूंचं त्याच्या दुपटीहून जास्त निघालं. पुढे एमआरआय आणि मग शस्त्रक्रिया होऊन दोन्ही मणके स्क्रूनं जोडले गेले. मान वळवण्यातला जवळपास निम्मा भाग याच जोडीचा असतो, तो त्यांचा गेला. "आता हाक मारली की सगळीच्या सगळी वळते," असं त्या हसत सांगतात. बोटांचे व्यायाम मात्र त्यांनी दवाखान्याच्या खाटेवरही सोडले नाहीत.

हलके व्यायाम म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंत मान गोल फिरवणं हमखास असतं. जुन्या आमवातात, मान तपासल्याशिवाय, मी ते कुणाला करू देत नाही.

त्यांच्या जावेलाही हाच आजार आहे. तिच्या गुडघ्यांसाठी गेले, तर मी पिशवीतून हातोडी काढण्याआधीच काकूंनी तिला विचारलं, "मान वाकवली की करंट बसतोय का गं?"