लँकेस्टर रायफल, चौथी नोंद : डाव्या बाजूचे कोरीवकाम

जुन्या अमेरिकी धर्तीची एक ठासणीची रायफल मी घडवत आहे. मागील नोंदीत तिची नळी आणि चाप (बार उडवणारी यंत्रणा) लाकडी दस्त्यात बसवून झाल्याचे लिहिले होते. त्यानंतरचे सात आठवडे कोरीवकामात गेले आणि त्यांतील पहिले दोन माझ्याच उतावळेपणामुळे वाया गेले. उठावाचे कोरीवकाम करायचे असेल, तर दस्ता घडवतानाच त्या त्या जागी मिलिमीटर-दीड मिलिमीटर लाकूड जास्तीचे राखून ठेवावे लागते. नळीची शेपटी, म्हणजे तिच्या मागच्या टोकाची धातूची पट्टी, जिथे दस्त्याच्या निमुळत्या पकडीत उतरते, तिथे मी कानशीने गोलाई आणत गेलो आणि राखलेले लाकूड कधी संपले हे कळलेही नाही. तिथे आता उठाव शक्य नाही. नुसत्या खोदरेषांवर भागवावे लागेल.

नमुना म्हणून समोर ठेवली आहेत ती अमेरिकेतील बंदूक-कारागीर जेकब डिकर्ट (१७४०-१८२२) यांच्या रायफलींची छायाचित्रे. ‘केंटकी रायफल’ हे नाव कितीही रूढ झाले असले, तरी या ठासणीच्या रायफली घडल्या त्या प्रामुख्याने पेनसिल्व्हेनियात, जर्मन भाषक कारागिरांच्या हातून, आणि डिकर्ट यांचे लँकेस्टर हे त्यांचे एक मोठे केंद्र होते. चाप अनेकदा इंग्लंडहून किंवा जर्मनीहून आलेले असत, नळ्याही पुष्कळदा दुसऱ्याच कारखान्यात तयार होत. त्यामुळे कारागिराचा स्वतःचा हात ओळखायचा तो दस्त्याच्या बाकावरून, पितळी पॅचबॉक्सवरून (गोळीभोवती गुंडाळायच्या कापडी चकत्या ठेवण्याची दस्त्यातील झाकणाची पेटी) आणि कोरीवकामावरून. मीही चाप आणि नळी विकत घेतली, याची मला म्हणूनच फारशी खंत वाटत नाही.

गाल टेकवायच्या उंचवट्यामागे इंग्रजी ‘सी’सारखी दोन वलये आणि त्यांतून फुटणारी पाने, असा रोकोको (अठराव्या शतकातील नागमोडी, पानाफुलांची युरोपीय शैली) वळणाचा आराखडा आहे. बाह्यरेषा पटाशीने दाबून घेण्यास तीन संध्याकाळी पुरल्या. खरा कस लागला तो नक्षीभोवतालची जमीन, म्हणजे पार्श्वभूमीचे लाकूड, खाली नेताना, कारण नक्षी लाकडावर ठेवल्यासारखी न दिसता दस्त्यातूनच वर आल्यासारखी दिसायची, तर ती जमीन दस्त्याच्या मूळ गोलाईत कुठेही खड्डा न पडता मिसळावी लागते. त्यात दस्त्याच्या लहरदार मेपल लाकडाचे तंतू बोटभर अंतरात दोनदा दिशा बदलतात. या क्षणी सुरळीत चालणारी पटाशी पुढच्याच क्षणी ढलपी उपटते. दर दहा-पंधरा मिनिटांनी धार चामड्यावर लावणे आणि एका जागी दोन्ही दिशांनी अगदी पातळ कापणे, एवढाच उपाय मला सापडला. चाप बसवताना त्याला लावलेल्या दिव्याच्या काजळीने लाकूड नेमके कुठे अडते ते दाखवले होते. इथे तसे दाखवणारे काही नसल्याने खोलीत अंधार करून एकच दिवा आडवा धरला आणि सावल्या पाहत काम केले. दिवसा सपाट वाटलेल्या जमिनीत त्या उजेडात चार खळगे निघाले.

सँडपेपर मी मुद्दाम टाळला, स्क्रेपरवरच (लाकूड खरवडणारे पोलादी पाते) थांबलो. जुन्या दस्त्यांवर हत्याराच्या खुणा पुष्कळदा दिसतात आणि पानांच्या कडाही सँडपेपरने बोथट होतात. पेनसिल्व्हेनियातील ख्रिश्चन्स स्प्रिंग येथील मोरेव्हियन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) कारागीर ख्रिश्चन अर्टर यांच्या १७७५ सालच्या रायफलीशी माझे काम ताडून पाहिले, तेव्हा माझी वलये शेवटाकडे फार जाड राहिल्याचे ध्यानात आले. ती निमुळती करायला अजून लाकूड शिल्लक आहे, एवढे नशीब.

रंगाची चाचणी उरलेल्या तुकड्यावर केली. नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेले तयार द्रावण लावून तुकडा सुकवला, तेव्हा तो हिरवट-करडा, अगदी निराश करणारा दिसला. गरम हवेचा झोत देताच तोच तांबूस तपकिरी झाला आणि जवसाचे तेल चोळल्यावर लहरी उमटल्या. दस्त्याला मात्र शेपटीभोवतीच्या खोदरेषा पूर्ण होईपर्यंत रंग लावणार नाही. त्यांचे कागदावरील तीन आराखडे तयार आहेत आणि त्यांपैकी सर्वांत साधा निवडण्याकडे माझा कल आहे.