केळशी ते गुहागर: तिथी पाहून केलेली सहा दिवसांची पायपीट

बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाची समुद्राशी पहिली ओळख बहुधा कावी-कंबोईला होते. तिथले स्तंभेश्वर महादेवाचे देऊळ भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा उघडे पडते, म्हणून दर्शनाला निघण्याआधी भरतीच्या वेळा विचारून घ्याव्या लागतात. परंतु खंबायतच्या आखाताचा तो चिखलाचा किनारा पायी फिरण्याजोगा नाही. समुद्राच्या कडेने पाच-सहा दिवस चालत राहावे, रोज नव्या गावात मुक्काम करावा आणि कुठेही घाई करू नये, अशी इच्छा असेल तर आपल्याला कोकणातच उतरावे लागते. आम्ही त्यासाठी दापोली तालुक्यातील केळशी ते गुहागर हा पट्टा निवडला. निवडीचे दुसरे कारण असे की, आमच्याबरोबरच्या शेजारच्या भाऊंचे कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर आहे, आणि गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने त्यांचे पणजोबा बडोद्यास आल्यापासून त्या घरातले कोणी तिथे पायी गेलेले नव्हते.

आम्ही चौघे होतो: भाऊ-वहिनी आणि आम्ही नवरा-बायको. वये बावन्न ते चौसष्ट. दोन महिने रोज सकाळी पाठीवर सॅक घेऊन कमाटीबागेत फेऱ्या मारल्या. त्यामुळे दम वाढला. पण बडोद्याच्या सपाटीवर गुडघ्यांना चढ-उताराची सवय होत नाही, हे पहिल्याच दिवशी उटंबरच्या चढावर कळले. सरावात निदान जिने तरी अवश्य घ्यावेत.

या वाटेचे सगळे वेळापत्रक समुद्र ठरवतो, हे आधी सांगितले पाहिजे. भरतीच्या वेळी पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचा, वरचा भुसभुशीत पट्टा तेवढा उरतो आणि त्यात पाय घोट्यापर्यंत रुततो. ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू मात्र इतकी घट्ट असते की तीवरून सायकलसुद्धा चालते. त्यामुळे ओहोटीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंतचा काळ हाच खरा चालण्याचा काळ. तो काढण्याची कोकणातली जुनी रीत सोपी आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सहा तास पुढे-मागे, सकाळी व रात्री नऊला, ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, पण दिवस आखण्यापुरता हा हिशेब पुरतो. मोबाइलवर अचूक तक्ते मिळतात, ते आदल्या दिवशी पाहून ठेवावेत, कारण डोंगराच्या आडच्या वाड्यांमध्ये नेटवर्क मिळेलच असे नाही. आमच्या खिशात कालनिर्णयाचे फेब्रुवारीचे पान घडी करून ठेवलेले होते आणि तेच अधिक वेळा बाहेर आले.

या हिशेबाने पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी निघणे सर्वांत सोयीचे. प्रतिपदेला ओहोटी पावणेसातला असते, पुढे रोज पाऊण तासाने सरकत षष्ठीला साडेदहावर येते, म्हणजे सहाही दिवस सकाळचा थंड वेळ चालण्यासाठी मिळतो. अष्टमीला निघाल्यास ओहोटी भर दुपारी बाराला येईल आणि ऊन डोक्यावर घेऊन चालावे लागेल. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवावी. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर आणि सुरूचे बन असल्याने नऊ-साडेनऊपर्यंत पुळणीवर सावली राहते, आणि दुपारनंतर सुटणारा वायव्येचा वारा तोंडावर न येता पाठीशी राहतो.

आम्ही १३ फेब्रुवारी २०२५ रोजी, माघ वद्य प्रतिपदेला, सकाळी सात वाजता केळशीच्या महालक्ष्मीला नमस्कार करून निघालो. बडोद्याहून कोकण रेल्वेकडे जाणाऱ्या गाड्या मुंबईत न शिरता वसई रोडवरून पनवेलला वळतात. आम्ही रात्रीच्या गाडीने पनवेलला उतरलो, एसटीने दापोली गाठली आणि तिथून केळशीची एसटी धरली. दापोलीला जवळचे स्टेशन खेड आहे, पण गुजरातकडून येणाऱ्या सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी थांबे नीट पाहावेत.

केळशी ते आंजर्ले हा पहिला टप्पा दहा-बारा किलोमीटरांचा. पुळण संपली की उटंबरचा डोंगर रस्त्याने ओलांडावा लागतो, मग आडे, पाडले आणि शेवटी आंजर्ल्याची लांब पुळण. या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि फेब्रुवारीपासून पिल्ले बाहेर पडू लागतात. अंडी सुरक्षित ठेवण्यासाठी पुळणीवर जाळीचे कुंपण घातलेले दिसले तर त्याला लांबून वळसा घालावा आणि रात्री किनाऱ्यावर बॅटरी मिरवू नये. उजेडामुळे पिल्ले समुद्राऐवजी भलत्याच दिशेला जातात.

दुसऱ्या दिवशी जांभ्याच्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, चढून कड्यावरच्या गणपतीला गेलो. उजव्या सोंडेच्या या गणपतीच्या आवारातून खाली सुवर्णदुर्ग दिसतो, आणि ज्या पुळणीवरून आपण चालत आलो व ज्या खाडीपलीकडे जायचे आहे, ते दोन्ही एका दृष्टीत येते. पुढे जोग नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून हर्णै. सुवर्णदुर्गाला नेणाऱ्या होड्या इथूनच सुटतात. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे १७५५ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून घेतले. मराठ्यांनीच मराठ्यांचे आरमार मोडायला परक्याची मदत घेतली, यावर भाऊंनी जे भाषण दिले ते इथे देत नाही. हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव मात्र चुकवू नये. टोपलीभोवती बायकांचे कोंडाळे, बोली इतकी भरभर की आमच्या कानाला आकडे सुटे होत नव्हते, आणि सौदा तुटल्याची खूण फक्त मानेची.

मुक्काम मुरूडला. हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. सार्वजनिक परीक्षेला बसण्यासाठी ते इथून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पायाला आलेले फोड दाखवत बसलेल्या आम्हा चौघांना घरमालकीण काकूंनी ही गोष्ट जेवण वाढता वाढता ऐकवली. त्यानंतर फोडांविषयी कोणी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही चूक केली. शनिवार होता, तृतीया होती, ओहोटी सव्वाआठची होती, आणि हे सर्व ठाऊक असूनही घावणे आणि चहा यांत दहा वाजले. मुरूडपासून कर्द्याच्या टोकापर्यंत पुळण सलग आहे, त्यामुळे चालताना काही जाणवले नाही. पण कर्द्याच्या दक्षिण टोकाशी पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. कातळावरून टोकाला वळसा घालून लाडघरकडे उतरू, असा विचार करून आम्ही पुढे गेलो. पहिल्या वळणापर्यंत कातळ कोरडा होता. दुसऱ्या वळणाशी आलो तेव्हा पुढच्या खाचेत पाणी फेसाळत आत येत होते आणि मागे वळून पाहिले तर ज्या दगडावरून आम्ही पंधरा मिनिटांपूर्वी आलो होतो त्याचा निम्मा भाग ओला झाला होता. परतताना वहिनींचा तोल गेला आणि त्यांनी आधारासाठी हात टेकला तो कालवांवर. कातळाला चिकटलेल्या या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. तळहातावर एकाच वेळी चार बारीक, सरळ रेघा उमटल्या आणि क्षणभराने त्यांतून रक्त आले. जखमा खोल नव्हत्या, पण खाऱ्या पाण्याने आणि वाळूने त्या दोन दिवस चिडत राहिल्या. म्हणून ठामपणे सांगतो: दोन पुळणींमधली कातळाची टोके कडेने ओलांडू नयेत. तिथून वर चढून सरळ गाडीरस्ता धरावा. किलोमीटरभर जास्त चालणे झाले तरी हरकत नाही. शिवाय शनिवार-रविवारी मुरूड-कर्द्याच्या पुळणीवर लोक गाड्या घालतात आणि खोल्यांचे दर वाढतात; आठवड्याअखेर तिथे येणार नाही अशा बेताने निघावे. आम्ही तिथी पाहिली, वार पाहिला नाही.

लाडघरला वाळूपेक्षा गोटे अधिक. तिथले लालसर दिसणारे पाणी तामसतीर्थ म्हणून ओळखले जाते. चौथा दिवस लाडघर, बुरोंडी, कोळथरे असा. संकष्टी होती. भाऊंचा उपास असल्याचे आदल्या रात्रीच फोनवर सांगून ठेवले, म्हणून कोळथऱ्याच्या यजमानांनी साबुदाण्याची खिचडी केली आणि चंद्रोदयानंतर उकडीचे मोदकही वाढले. या सर्व गावांत घरगुती निवास मिळतात, पण जेवण सांगून ठेवावे लागते. आयत्या वेळी गेल्यास मासळी तर नाहीच, कधी भातही मिळत नाही. राहणे आणि दोन वेळचे जेवण धरून आम्हाला माणशी दिवसाला दीड हजारांच्या आत खर्च आला. रोख पैसे दापोलीतच काढून घ्यावेत. संपूर्ण वाटेत सर्वांत शांत पुळण कोळथऱ्याची, आणि एक दिवस जास्त असेल तर तो इथे घालवावा.

पाचवा दिवस, कोळथरे ते दाभोळ, हा या प्रवासातला सर्वांत रुक्ष टप्पा आहे. पंचनदीवरून जाणारी वाट जवळजवळ सगळी डांबरी आहे आणि ऊन तापते. उजाडताच निघावे आणि माणशी दोन लिटर पाणी घ्यावे, नाहीतर रिक्षा करावी. त्यात कमीपणा नाही. दाभोळला आदिलशाही काळातली एका घुमटाची मशीद आणि गुहेतले चंडिकेचे देऊळ पाहून आम्ही धोपाव्याच्या फेरीबोटीत बसलो. गाड्यांसकट माणसांना खाडीपार नेणारी ही बोट नसती तर चिपळूणकडून लांबचा वळसा घालावा लागला असता. धोपाव्याहून गुहागरपर्यंत आम्ही रिक्षानेच गेलो.

सॅकविषयी थोडे. ओझे सहा किलोंच्या वर नेऊ नये. बंद बुटांत वाळू शिरते आणि ओल्या मोज्यांनी फोड येतात, म्हणून पुळणीवर पट्ट्यांच्या सॅंडल आणि रस्त्यावर बूट अशी जोडी हवी. खाकरे उत्तम टिकतात. लीलो चेवडो मात्र दमट हवेत दुसऱ्याच दिवशी मऊ पडला आणि आम्ही तो निमूटपणे संपवला. मोबाइलसाठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, जखमेसाठी अँटिसेप्टिक आणि चिकटपट्टी ठेवावी. लहान वहाळ ओलांडताना पाणी स्वच्छ असले तरी काठीने तळ चाचपावा; मुखाशी चिखल असतो.

सहाव्या दिवशी षष्ठी होती, ओहोटी साडेदहाची. भाऊ पहाटेच आंघोळ करून व्याडेश्वराच्या अभिषेकाला बसले. गुरुजींनी गोत्र आणि गाव विचारले तेव्हा ते आधी ‘बडोदे’ म्हणाले, मग थांबून पणजोबांच्या गावाचे नाव सांगितले. ते आवरल्यावर आम्ही चौघे देवळामागच्या गल्लीतून पुळणीवर उतरलो आणि असगोलीच्या दिशेने दीड तास चाललो. सॅक खोलीवर ठेवल्या होत्या. दुपारी गुहागर-चिपळूण एसटी धरली. हा प्रवास पंचेचाळीस किलोमीटरांचा असून घाटवळणांमुळे सव्वा-दीड तास लागतो, तेव्हा चिपळूणची गाडी गाठायची असल्यास दोन एसट्या आधीची धरावी.