सिल्व्हर्टन ते युरे: चांदीच्या खाणींमधला बिनकठड्याचा घाट

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या सिल्व्हर्टन ते युरे या घाटासाठी ठाण्याहून निघताना एक हिशोब डोक्यात ठेवा. आपण खाडीकाठची माणसं. आपला सर्वांत उंच डोंगर कळसूबाई, १६४६ मीटर. डेन्व्हरला विमानातून उतरलात की जवळजवळ तेवढ्या उंचीवर पोचलात. सिल्व्हर्टन गाव २८४० मीटरवर, आणि कोलोरॅडोच्या यूएस ५५० रस्त्यावरची रेड माउंटन खिंड ३३५८ मीटरवर, म्हणजे एकावर एक दोन कळसूबाई. इथे माणूस, गाडी किंवा डाळ बिघडली तर आधी उंचीवर संशय घ्यावा.

म्हणून पहिल्याच दिवशी घाट चढू नका. एक रात्र डेन्व्हरला, दुसरी ड्युरँगोला (सुमारे २००० मीटर) काढा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघा. डेन्व्हर ते ड्युरँगो साडेसहा तास धरा. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या दिवशी होऊ शकतं. पाणी भरपूर प्या, दारू टाळा. विश्रांतीनंतरही त्रास वाढला, चालताना तोल जाऊ लागला, तर सरळ खाली उतरायचं. आई-बाबा बरोबर असतील आणि हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आकडे दाखवून विचारा; ‘थंड हवेचं ठिकाण’ एवढंच सांगितलंत तर ते महाबळेश्वर समजतील.

आता मुख्य मुद्दा, दिशेचा. बरेच जण युरेहून दक्षिणेला सिल्व्हर्टनकडे येतात. पहिल्या खेपेला उलट करा: ड्युरँगोहून सिल्व्हर्टन, मग युरे. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे उत्तरेकडे जाताना आपण डोंगराच्या कुशीला असतो आणि दक्षिणेकडे येताना दरीच्या काठाला. भरीला आपली सवय नडते. जन्मभर उजव्या सीटवर बसून गाडी चालवलेला माणूस डाव्या सीटवर बसला की गाडी नकळत उजवीकडे सरकते, कारण पलीकडे उरलेल्या रुंदीचा अंदाज त्याला नसतो. घोडबंदर रोडवर याने आरसा घासेल. इथे, युरेच्या वरच्या घळईत, पांढऱ्या रेषेनंतर हातभर डांबर आणि मग थेट हवा. कठडा बऱ्याच ठिकाणी नाहीच, कारण हिवाळ्यात बर्फ हटवणाऱ्या गाड्यांना बर्फ दरीत ढकलायला जागा लागते. उपाय सोपा: डाव्या खांद्याजवळची पिवळी रेषा धरून चालवा, आणि शेजारी बसलेल्याला ‘उजवीकडे किती उरलं’ एवढंच सांगायचं काम द्या.

उतारावर ब्रेकवर पाय ठेवून येऊ नका. ऑटोमॅटिक गाडीतही ‘एल’ किंवा खालचा गिअर असतो, तो टाका. करपल्यासारखा वास आला की रुंद जागा बघून थांबा आणि ब्रेक निवू द्या. चढावर साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे खिंडीत जवळपास तिसरा हिस्सा गायब. गाडीला काही झालेलं नसतं, ओव्हरटेकचा विचार तेवढा सोडा. पेट्रोल ड्युरँगोलाच भरा. तिथल्या पंपावर ‘रेग्युलर’ म्हणजे ८५ ऑक्टेन असतं. गाडीच्या पुस्तिकेत ८७ लिहिलेलं असेल तर मधला नळ घ्या.

ड्युरँगो ते सिल्व्हर्टन सुमारे ७७ किलोमीटर, वाटेत कोल बँक (३२४३ मीटर) आणि मोलास (३३२५) या दोन खिंडी. मोलासला थांबाच. सिल्व्हर्टनमध्ये १८८२ साली आलेल्या नॅरोगेजवर आजही वाफेची इंजिनं धावतात; माथेरानच्या गाडीचं प्रेम असेल तर दुपारी ती गावात शिरताना बघा. ओल्ड हंड्रेड खाणीत गाडीत बसून आत जाता येतं. आत जेमतेम ९ अंश असतात, बाहेर ऊन असलं तरी स्वेटर हवा. मेफ्लॉवर मिल (१९२९ ते १९९१) मात्र चुकवू नका. डोंगरावरून तारेवरच्या बादल्यांतून खनिज कसं यायचं आणि दळून, पाण्यात फेसाळून त्यातून धातू कसा वेगळा व्हायचा, हे यंत्रांसकट दिसतं. दोन्ही ठिकाणं उन्हाळ्यापुरतीच उघडी असतात.

पुढे सिल्व्हर्टन ते युरे फक्त ४० किलोमीटर, पण दीड तास ठेवा. खिंडीपलीकडे लाल डोंगर दिसतात. तो लोखंडाचा गंज. उजवीकडे यँकी गर्ल खाणीचा लाकडी सांगाडा उभा आहे. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि खाणींभोवतीची गावं ओस पडली. रस्ते बांधणाऱ्या ऑटो मिअर्सने १८८०च्या दशकात इथला मूळ रस्ता कोरला आणि बेअर क्रीक धबधब्यापाशी टोलनाका बसवला, जिथून आडवाटच निघत नाही. मुलुंड नाका सोसलेल्यांना त्याची हुशारी लगेच कळेल.

नारिंगी ओढ्यांचं पाणी पिऊ नका, गाळूनही नाही. जुन्या खाणींतून आम्ल आणि धातू येतात. ऑगस्ट २०१५ मध्ये गोल्ड किंग खाणीतून पाणी फुटलं तेव्हा ॲनिमस नदीच नारिंगी झाली होती. उघड्या बोगद्यात डोकावूही नका, आत प्राणवायू नसलेली हवा साचते.

ॲनिमस फोर्क्स हे ओस गाव (३४१४ मीटर) सिल्व्हर्टनहून १९ किलोमीटर, कच्च्या रस्त्याने. विमानतळावर घेतलेल्या गाडीच्या करारात बहुधा कच्चा रस्ता वगळलेला असतो. जीप गावातच भाड्याने घ्या आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात, खिंडी बाराच्या आत ओलांडा. अस्पेन झाडांची पिवळी पानं हवी असतील तर सप्टेंबरचा शेवट. हिवाळ्यात नवख्याने जाऊ नये. निघण्याआधी सीओट्रिप या कोलोरॅडोच्या रस्तेखात्याच्या संकेतस्थळावर रस्ता उघडा आहे का ते बघा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, मध्ये रेंज जाते. गाडी चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याकडच्या आरटीओतून आधीच काढा. मूळ लायसन्सही बरोबर लागतंच.

आणि शिधा. सिल्व्हर्टनला पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. विजेच्या छोट्या भांड्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी दाताखाली कचकचते. मुगाची डाळ दोन तास भिजवून घ्या, तिची खिचडी होते. लोणच्याची बाटली पिशवीत बांधून न्या, झाकण उघडताना तेल अंगावर उडतं.