वाऱ्याच्या आडोशाला

समुद्रावर सिगार ओढणं हा मुळात वाऱ्याच्या हिशेबाचा मामला आहे, आणि आम्हा नवरा-बायकोत हिशेब माझ्याकडे असतात. जहाज २० नॉटच्या वेगाने, म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटरने चाललं असेल, तर हवा अगदी पडलेली असली तरी डेकवरच्या माणसाला तेवढा वारा समोरून लागतोच. कॅरिबियन समुद्रात त्यात पूर्वेकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांची भर पडते. जहाज पूर्वेला निघालं की दोन्ही वेगांची बेरीज, पश्चिमेला निघालं की वजाबाकी. बेरजेच्या संध्याकाळी सिगार वाराच ओढतो, आपण नुसती धरून बसायची. ती भराभर जळते, तापते, कडू होते, आणि जळते तीही एकाच बाजूने. वजाबाकीच्या संध्याकाळी मात्र मागच्या डेकवर धूर सरळ वर जातो आणि नवरा म्हणतो, "बघ, म्हटलं होतं ना आज मजा येणार!" त्याने तसं काहीही म्हटलेलं नसतं. शिवाय वारा पाठून असला की जहाजाच्या धुराड्यातला धूरही आमच्या सोबतीला डेकवर उतरतो. तेवढं चालवून घ्यायचं.

सिगार आम्ही दोघंही फक्त जहाजावरच ओढतो. घरी तो वास पडद्यांमध्ये मुक्कामाला येतो, आणि मुख्य म्हणजे घरी सलग तासभर कोणी कोणाला बसू देत नाही. जहाजावर तास भरपूर असतात. क्रूझवाल्यांना नेमकं तेच बघवत नाही. रोज सकाळी दिवसभराच्या कार्यक्रमांची यादी हातात पडते. टॉवेलचा हत्ती कसा घडवावा याचा वर्ग, प्रश्नमंजुषा, बिंगो, तलावाकाठी सामूहिक नाच, आणि या सगळ्यात तुम्ही सामील व्हावं म्हणून मायक्रोफोन घेऊन फिरणारी, दातांची जाहिरात करत असल्यासारखी हसणारी मुलं-मुली. सिगारच्या कोपऱ्याकडे ही मंडळी फिरकत नाहीत. मला वाटतं, ओढणाऱ्यांपैकी निम्मे लोक तिथे तंबाखूसाठी नाही, तर त्या मायक्रोफोनपासून लपायला येतात.

कोपरा शोधावा लागतो, कारण बाल्कनीत ओढायला बहुतेक कंपन्यांची आता बंदी आहे. केबिनला लागून स्वतःची बाल्कनी, समोर समुद्र, दोन खुर्च्या, आणि ओढायचं मात्र नाही! पहिल्यांदा येणाऱ्यांचा इथेच हिरमोड होतो. पण २३ मार्च २००६ च्या पहाटे 'स्टार प्रिन्सेस' हे जहाज ग्रँड केमनहून जमैकाकडे जात असताना एका बाल्कनीत आग लागली. कारण बहुधा कोणीतरी टाकलेलं सिगारेटचं जळतं थोटूक. बाल्कन्यांमधल्या पॉलिकार्बोनेटच्या आडभिंती आणि प्लास्टिकचं फर्निचर यांनी ती आग एका मजल्यावरून दुसऱ्यावर नेली. एका प्रवाशाचा जीव गेला. पुढे बाल्कन्यांमधल्या आगीसाठी आंतरराष्ट्रीय नियमही बदलले. समुद्रात भिरकावलेलं थोटूक समुद्रात पडतंच असं नाही, वारा ते उचलून खालच्या कोणाच्या तरी बाल्कनीत नेऊन ठेवतो. चहूकडे पाणीच पाणी असलेल्या या वस्तूला सगळ्यात मोठी धास्ती आगीची असते. त्यामुळे दंडाच्या पाटीवर मी कुरकुरत नाही.

सिगार सांभाळणं हे खातं नवऱ्याचं. तिला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. बाहेर समुद्राची हवा त्याहून बरीच दमट, आत केबिनमध्ये एसी सगळी ओल शोषून घेणारा. म्हणजे बाहेर ठेवली तर ती फुगणार, आत ठेवली तर रॅपर, म्हणजे सगळ्यात वरचं गुंडाळलेलं पान, तडकणार. म्हणून त्याच्याकडे घट्ट झाकणाचा एक छोटा डबा आहे, त्यात ६९ टक्क्यांवर हवा धरून ठेवणारी पुडी आणि हवेतली ओल मोजणारा एक टीचभर हायग्रोमीटर. तो हायग्रोमीटर तो दिवसातून इतक्या वेळा बघतो की एकदा मी सनस्क्रीनची बाटली हरवल्याचं सांगितलं तर म्हणाला, "अडुसष्ट." केबिनच्या फ्रिजमध्ये सिगार ठेवणारे लोकही आम्ही पाहिलेत. फ्रिज हवा कोरडी करतो, हे त्याने त्यांना न विचारता समजावून सांगितलेलंही मी पाहिलंय.

बेरजेच्या संध्याकाळी आम्ही बंद लाउंजमध्ये जातो. असे लाउंज काही जहाजांवर अजून टिकून आहेत. 'क्वीन मेरी २' वर तर चर्चिलच्या नावाचाच आहे, आणि सात इंच लांबीच्या सिगारलाही त्याच गृहस्थाचं नाव मिळालेलं आहे. जाड चामड्याच्या खुर्च्या, छतात धूर खेचणारे पंखे, आणि तरीही बाहेर पडल्यावर केस दोनदा धुवावे लागतात. मी सरळ डोक्याला स्कार्फ गुंडाळून बसते. पहिल्या दिवशी तिथले पुरुष माझ्याकडे 'मिस्टरांची वाट बघतेय' अशा नजरेने पाहतात. मी सिगारचं टोक कापायचा कटर काढला की नजरा बदलतात, आणि कोणीतरी हटकून मला हलकी, 'लेडीज'साठी चांगली अशी सिगार सुचवतो. रॅपरच्या गडद रंगावरून सिगारचा जोर ठरत नाही, तो आतल्या पानांवर ठरतो. झाडाच्या शेंड्याकडची, भरपूर ऊन खाल्लेली लिखेरो पानं आत जास्त असली की ती जोरकस. हे मी त्या गृहस्थांना सांगते, मग पुढचे दिवस शांततेत जातात.

लाउंजमध्ये अमेरिकन प्रवासी भरपूर. यांची एक गंमत आहे. २०१६ मध्ये त्यांना क्युबन सिगार सामानातून घरी नेण्याची मोकळीक मिळाली होती, ती सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा गेली. त्यामुळे मेक्सिकोच्या कोसुमेल बेटावर घेतलेल्या सिगार जहाज अमेरिकन बंदराला लागण्याआधी संपवायच्या असतात. जगातली सगळ्यात सावकाश ओढायची वस्तू ही मंडळी घड्याळ लावून ओढतात. त्यांना बघून नवऱ्याला केनेडींची गोष्ट सांगायची उबळ येते: फेब्रुवारी १९६२ मध्ये क्युबावरच्या व्यापारबंदीवर सही करण्याआधी राष्ट्राध्यक्षांनी आपले प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांना पेटिट अपमन नावाच्या एक हजार क्युबन सिगार आणायला पिटाळलं. सकाळी सॅलिंजर १२०० घेऊन हजर झाले, तेव्हा कुठे ड्रॉवरमधून तो कागद बाहेर आला. ही गोष्ट लाउंजमधल्या प्रत्येक अमेरिकन माणसाला पाठ असते. तरी ते सभ्यपणे ऐकून घेतात. मी छताकडे बघते.

बंदरांवर मात्र त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. किनाऱ्यावर हिंडणारे विक्रेते काचेच्या झाकणाच्या पेटीत 'कोहिबा' या नामांकित क्युबन सिगार दाखवतात. कोहिबा काचेच्या झाकणाच्या पेटीत येतच नाही, त्यामुळे ती पेटी दिसली की पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. तो तरीही थांबतो, वास घेतो, "पण वास बरा आहे गं," म्हणतो. मी त्याचा हात धरून चालू लागते. परक्यांना आम्ही फार प्रेमळ जोडपं वाटत असणार.

मला सगळ्यात आवडलेलं बंदर डॉमिनिकन रिपब्लिकमधलं ला रोमाना. हाताने वळलेल्या सिगारचा जगातला एक अतिप्रचंड कारखाना त्या गावात आहे. आम्ही पाहिली ती जवळचीच एक छोटी जागा, मोजकी टेबलं आणि त्यावर वाकलेली माणसं. वळणारी बाई चार-पाच पानं लांबच्या लांब मुठीत घडी घालून धरते, मधून हवा जायला वाट राहील इतपतच दाबते, त्यावर ती बांधून ठेवणारं पान, म्हणजे बाइंडर, लपेटते आणि लाकडी साच्यात घालते. साच्यातून काढल्यावर रॅपरचं पान. चावेता नावाच्या चपट्या, गोलसर पात्याने ती ते एका ओघात कापते आणि तिरपं गुंडाळत नेते. शेवटी टोकाला पानाचीच इवलीशी टोपी, वनस्पतीच्या डिंकाने चिकटवलेली. सगळी करामत त्या मुठीत. जास्त दाबलं तर सिगार ओढली जात नाही, कमी दाबलं तर आतून पोकळ जळते. मी बघत उभी राहिले ती हललेच नाही. जहाज सुटायच्या वेळेची आठवण, आयुष्यात पहिल्यांदा, नवऱ्याने मला करून दिली.

तिथे रेडिओ चालू होता. क्युबात त्या जागी माणूस असतो. १८६५ पासून हवानाच्या कारखान्यांमध्ये कामगारांना मोठ्याने वाचून दाखवणारे लेक्तोर आहेत, उंच आसनावर बसून आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी वाचणारे. पूर्वी त्यांचा पगार कामगार आपल्याच खिशातून वर्गणी काढून द्यायचे, आणि पुढे काय वाचायचं तेही मतदानाने ठरवायचे. मॉन्टेक्रिस्टो हे सिगारचं नाव अशाच वाचनातल्या लाडक्या कादंबरीवरून पडलं असं सांगतात.

हे कळल्यावर आम्ही तो प्रयोग डेकवर केला, आणि तो आता चालूच आहे. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ओढायची. नियम लगेच लक्षात येतो: वाचणाऱ्याची सिगार विझते. सिगारेटमध्ये जळत राहण्यासाठी बरीच सोय केलेली असते. सिगारकडे मिनिटभराने एकदा तरी लक्ष द्यावं लागतं, नाहीतर ती रुसते. विझली तर बिघडत नाही, राख झटकून तासाभरात पुन्हा पेटवता येते, जरा कडवट लागते इतकंच. पण त्यामुळे वाचणारा लबाडी करू लागतो. नवरा परिच्छेदाच्या मध्येच थांबतो, झुरका घेतो, धूर तोंडात घोळवतो आणि मला नायकाने दार उघडलं की नाही ते कळत नाही. मी वाचते तेव्हा वर्णनं गाळते. निसर्गवर्णन असेल तर अख्खं पान. समोर एवढा समुद्र असताना कागदावरचा कशाला?

आणि बऱ्याचदा वाचतही नाही. इतकी वर्षं एकत्र काढलेली जोडपी जहाजावरच्या जेवणाच्या टेबलाशी गप्प बसली की शेजारचे लोक हळहळतात, भांडलेत वाटतं बिचारे, एवढा खर्च करून आले आणि. तीच दोन माणसं, तितकीच गप्प, हातात सिगार घेऊन डेकवर बसली की लोकांना ती सुखी वाटतात. सिगार गप्प बसण्याचा परवाना देते. आणि बोललो तरी बोलणं निराळं होतं. तोंडात धूर असताना उलट उत्तर देता येत नाही. तो बाहेर सोडेपर्यंत तीन-चार सेकंद जातात, आणि आमच्या निम्म्या वादांना तेवढाच अवधी हवा होता असं दिसतं.

फक्त दोघांच्या सिगार एकाच लांबीच्या हव्यात. मी पाच इंची, ५० रिंगची रोबुस्टो घेते, म्हणजे पाऊण एक तास. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा ५० ची जाडी पाऊण इंचाहून जराशी जास्त. तो सुरुवातीला ऐटीत चर्चिल घ्यायचा. माझी संपली की मग मी अर्धा तास त्याच्या जळण्याकडे बघत बसणार, थंडी वाजणार, आणि परवान्याची मुदत संपल्यामुळे बोलू लागणार. आता तोही रोबुस्टोच घेतो. कारण विचारलं तर ब्लेंड आवडलं म्हणतो.

तब्येतीचं म्हणाल तर यात काहीही चांगलं नाही. धूर छातीत घेत नाही म्हणून सिगार निरुपद्रवी, हा लाउंजमधला लाडका युक्तिवाद आहे आणि तो खोटा आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं, आणि तोंडाचा कर्करोग छातीत धूर गेला की नाही ते विचारत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. आम्ही वर्षातल्या त्या सुट्टीपुरतीच ओढतो, तरी त्याला सवलत म्हणावी, माफी नव्हे. रिकाम्या पोटी ओढली तर हिशेब तिथल्या तिथे चुकता होतो. घाम फुटतो, गरगरतं, मळमळतं, आणि डुलत्या जहाजावर हे निकोटिनचं की लाटांचं हे कोणालाच सांगता येत नाही. नवरा दोन्ही वेळा लाटांना दोष देतो.

क्रूझच्या शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात. कर्मचारी त्या गोळा करतात आणि थेट सकाळी बंदरावर परत मिळतात. गेल्या खेपेला त्याने सगळं इतकं नीट आवरलं की कटरही बॅगेत गेला, आणि डब्यात दोन रोबुस्टो शिल्लक. डेकवर गेल्यावर ते लक्षात आलं. मी म्हटलं, टोपी जराशी ओली करून अंगठ्याच्या नखाने उचलते, दे इकडे. माझी मी तशी उघडली, व्यवस्थित. त्याचं म्हणणं, काऊबॉय लोक दाताने तोडत. त्याने दाताने तोडली. रॅपर टोपीपासून तीन बोटं उलगडला. मग तंबाखूचे कण थुंकत, सुटलेलं पान बोटाने दाबून धरत, त्याने ती शेवटपर्यंत ओढली, आणि पलीकडच्या खुर्चीतला पाहुणा टक लावून बघतोय म्हटल्यावर त्याला सांगितलंही, की जुनी पद्धत हीच.