दारं मिटायच्या वेळेचं गाणं

योम किप्पूर म्हणजे आम्हा ज्यूंचा क्षमा मागायचा, उपासाचा दिवस. त्याला आमची जुनी माणसं 'दरफळणीचा सण' म्हणत. दारं मिटून घ्यायचा दिवस. पहाटे अंधारात पांढरे कपडे घालून अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मशिदीत जायचं (सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू, मशीदच म्हणतो) आणि घरी यायचं ते चांदण्या दिसल्यावर. पंचवीस तास पाण्याचा थेंब नाही. नोकरीसाठी मुंबईला गेलेले काका-मामा भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरून या दिवसासाठी हटकून येत. वर्षभरात सगळी माणसं एका छताखाली दिसत ती तेव्हाच.

तिसऱ्या प्रहरी मात्र आवाज बसलेले असत. आम्ही पोरं बाकांवर पेंगायचो. मग नइलेची, म्हणजे दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेची वेळ होई, हेखाल (तोराच्या पोथ्यांचं कपाट) उघडे आणि प्रार्थना चालवणारे हजानकाका हिब्रू गाण्याचा सूर लावत: 'एल नोरा अलिला...' त्यासरशी सगळी मशीद उभी राही. दिवसभर पुटपुटणारे बाबा एकदम खड्या आवाजात गाऊ लागत. चाल रडकी नाहीच, पावलं टाकत निघावं अशी आहे. 'हामत्सी लानु मेखिला, बिशअत हानइला' ही ओळ आली की आजी माझा खांदा घट्ट धरायची. तिच्या वहीत हे सगळं मराठी अक्षरांत उतरवलेलं होतं, पेन्सिलीने, एकेक शब्द तोडून. दारं मिटायच्या घटकेला आम्हाला क्षमा दे, एवढाच त्याचा अर्थ.

ग्रॅनडाच्या मोशे इब्न एझ्राने हे सुमारे 900 वर्षांपूर्वी लिहिलं. कडव्यांची पहिली अक्षरं जुळवली की त्याचं 'मोशे' हे नाव निघतं. कोकणातल्या आमच्या पूर्वजांना हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्यांच्यापाशी पोथ्या नव्हत्या, शेमा या एका मूळ प्रार्थनेपलीकडे प्रार्थना उरल्या नव्हत्या. पुढे कोचीनच्या ज्यूंनी शिकवलं तेव्हा त्या हाती आल्या. तोवर ते नुसती दारं लावून उपास करत राहिले. आणि गाणं आलं तेही दारांचंच! याचं मला अजून भरून येतं.

शेवटी शोफार, म्हणजे एडक्याच्या शिंगाचं वाद्य, वाजे. घरी सरबत आणि सारणाच्या पुऱ्या. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्म आणि घरोघरी भेटी.

आता मी इस्रायलमधल्या लोदला असतो. इथे सूर्य अडीच तास उशिरा मावळतो. आम्ही 'एल नोरा' सुरू करतो तेव्हा अलिबागला पुऱ्यांची ताटं रिकामी झालेली असतात.