तोपर्यंत

चौसष्ट टोप, बावीस सतरंज्या, चार झारे, एक पेट्रोमॅक्स (पेटत नाही) आणि बँकेत एकतीस हजार चारशे रुपये. आमची वाडी गावच्या मंडळातून वेगळी झाली तेव्हा वाटणीला निघालेला ऐवज एवढाच. भांडण कशावरून झालं ते लिहीत नाही. दोन्हीकडची माणसं हे वाचतात, आणि शिमग्याला पालखी माझ्याही अंगणात यायची असते.

वेगळं व्हायचं एका रात्रीत ठरलं. वेगळं राहायचं कसं, याला मात्र नऊ महिने लागले. मुंबईकरांनी नालासोपाऱ्याला बैठक घेतली, गाववाल्यांनी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर. एरवी या दोघांचं चहात साखर किती यावरही जमत नाही, पण ठराव दोन्हीकडे एकच झाला: नव्या मंडळाची घटना भाऊसाहेबांनी लिहावी. भाऊसाहेब म्हणजे मी. तेहतीस वर्षं तलाठी होतो. मंडणगड, दापोली, खेड असा फिरलो. आयुष्यात लिहिलं ते फेरफार आणि पंचनामे. पण वाडीच्या लेखी कागद तो कागद.

मी म्हटलं, ठीक आहे. देशाच्या घटनेची मराठी प्रत कपाटात आहे, बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच तालुक्यातलं, बघून बघून लिहू. पहिल्या सभेत कच्चा खर्डा वाचायला घेतला. "आम्ही या वाडीचे रहिवासी..." इथपर्यंत आलो आणि मागून थोरल्या वहिनींचा आवाज आला, "भावजी, घटना होईल तवा होईल. पन टोपांची चावी आजपासून कुनाकडं?"

सभा गप्प. खर्ड्यात चावीबद्दल एक ओळ नव्हती.

त्या रात्री मी घटनेचं पुस्तक पुन्हा उघडलं, पण या वेळी मागून.

चावीचा प्रश्न दिल्लीतही होताच की. १५ ऑगस्ट १९४७ ला आपल्याकडे स्वतःची घटना नव्हती. घटना समिती ९ डिसेंबर १९४६ पासून बसत होती, पण मसुदा समिती नेमली गेली २९ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे झेंडा लागल्यावर दोन आठवड्यांनी. मग देश चालत होता कशावर? इंग्रजांच्याच १९३५ च्या कायद्यावर. स्वातंत्र्याचा जो कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला, त्याच्या आठव्या कलमात सोय होती: नवी घटना होईपर्यंत जुनाच कायदा लागेल तसा बदलून वापरा. जुन्या नोंदीवर नवी नोंद चढवायची आणि वही चालू ठेवायची, हे तर आमच्या खात्याचंच काम.

माणसंही तीच. घटना समितीला दोन टोप्या होत्या. एक घटना लिहिण्याची, तेव्हा अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद. दुसरी रोजचे कायदे करण्याची, आणि नोव्हेंबर १९४७ पासून त्या बैठकांचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर, ज्यांच्या आडनावातच आपल्या रत्नागिरीतलं मावळंगे आहे. मुंबई प्रांताचा कारभार बाळासाहेब खेरांकडे होता, जन्म रत्नागिरीचा. ते १९४६ मध्ये खुर्चीवर बसले, १५ ऑगस्टला तिथेच होते, २६ जानेवारी १९५० लाही तिथेच. खालचा देश बदलला, खुर्ची हलली नाही.

आणि देश तरी कुठे एकसलग होता? आमच्या वेसवीच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर बागमांडला दिसतं. मध्ये सावित्रीची खाडी. आज फेरीबोटीत गाडी चढवली की चहा थंड व्हायच्या आत पलीकडे. १९४७ साली अलीकडे मुंबई प्रांत आणि पलीकडे श्रीवर्धन-म्हसळ्याचा मुलूख जंजिऱ्याच्या नवाबाचा. माझ्या आजीचं माहेर पलीकडचं. ती सांगायची, सासरी झेंडा लागला तेव्हा माहेरी नवाबच होता. जंजिरा आणि खाली सावंतवाडी, दोन्ही संस्थानं १९४८ मध्ये मुंबई प्रांतात आली. गोव्याला तर १९६१ उजाडलं.

आजोबांची तऱ्हा आणखी वेगळी. ते खोताचं कूळ, अर्धेलीवर भात करणारे. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार. झेंडा लागला ऑगस्टात आणि भात झोडलं कार्तिकात, तेव्हा खोताचा माणूस माप घेऊन खळ्यावर हजर. बेकायदा काही नाही. १८८० चा खोतीचा कायदा तसाच जिवंत होता. स्वतंत्र देशातल्या पहिल्या पिकाचं अर्धं भात आजोबांनी नेहमीसारखंच मोजून दिलं. त्यावर ते कधी चिडून बोलले नाहीत. फक्त सांगताना मापाचा आवाज तोंडाने काढायचे, भात फळीने सपाट केल्याचा.

तर घटना मागून वाचताना माझ्या लक्षात आलं की लिहिणाऱ्यांना ही मधली वेळ पक्की ठाऊक होती. त्यांनी ३९५ कलमं केली, त्यात शेवटी शेवटी एक भागच्या भाग 'तोपर्यंत'चा. नवी संसद निवडून येईपर्यंत हीच घटना समिती हंगामी संसद म्हणून बसेल: ३७९. राष्ट्रपती रीतसर निवडला जाईपर्यंत समितीने निवडलेला राष्ट्रपती: ३८०. आहेत ते मंत्री तोपर्यंत मंत्री: ३८१. आणि ३७२ तर आमच्यासारख्यांचं पोट भरणारं: जुने सगळे कायदे, कोणी बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत, चालू. म्हणून तर आमचं महसूल खातं १८७९ च्या जमीन महसूल कायद्यावर १९६७ पर्यंत चाललं. आणि म्हणूनच आमच्या वाडीचं नवंकोरं मंडळ आजही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवावं लागतं. किमान सात सभासद हवेत, ही अट व्हिक्टोरिया राणीच्या काळातली.

सगळ्यात हुशारीचं मला ३९४ वाटलं. घटना मंजूर झाली २६ नोव्हेंबर १९४९ ला, लागू व्हायची २६ जानेवारीला. पण पंधरा-सोळा कलमं त्याच दिवशी लागू केली. कोणती? नागरिक कोण, राष्ट्रपतीने शपथ काय घ्यायची, निवडणूक आयोग, आणि या तोपर्यंतच्या सोयींपैकी काही. घर बांधताना आधी विहीर काढतात, तसं.

मी लगेच खर्ड्यात चौदावं कलम घातलं. पहिली निवडणूक होईपर्यंत तात्पुरती कमिटी. टोपांची चावी थोरल्या वहिनींकडे. पाच हजारांवरचा खर्च सभेला विचारून.

पुढचं काम सोपं होईल असं वाटलं होतं. घटनेच्या कमिटीत आम्हीही सातजण. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत सांगितलं होतं की मसुदा समितीच्या सातांपैकी एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक राज्यकारभारात अडकलेले, एक-दोघे दिल्लीपासून लांब, आणि सगळा भार डॉक्टर आंबेडकरांवर आला. ते वाचून मला फार बरं वाटलं. आमच्यातला एक रुसून निघून गेला, एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन, दोघे मुंबईला, एक आंब्याच्या सीझनमध्ये आणि एकाला वाचता येतं पण चष्मा सापडत नाही. तिकडे घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव यांच्या कच्च्या खर्ड्यात २४३ कलमं होती, मसुद्यात ३१५ झाली, शेवटी ३९५. माझी तेराची तेवीस झाली. त्यांच्याकडे दुरुस्त्या आल्या ७,६३५. माझ्याकडे व्हॉट्सॲपवर किती आल्या ते मोजलं नाही, पण त्यातल्या निम्म्या 'गुड मॉर्निंग' होत्या.

खरी अडचण मतावर आली. गावच्या मंडळात पूर्वापार घरटी एक मत. तात्या म्हणाले, तेच ठेवू, भांडणं होत नाहीत. भांडणं होत नाहीत हे खरंच होतं, कारण बोलणारे चौदाच. यावर पुन्हा वहिनी. "मत आमचा नि खिसा तुमचा?"

मी तात्यांना समजावलं. घटना समितीची माणसं कोणी निवडली होती? प्रांतांच्या विधिमंडळांनी. ती विधिमंडळं कोणी निवडली? ज्यांच्याकडे जमीन, कर किंवा शिक्षण होतं अशा थोड्यांनी. माझे आजोबा त्यात बसत नव्हते, आजी तर नाहीच. आणि या थोड्यांच्या मतावर आलेल्या माणसांनी ३२६ व्या कलमात लिहिलं की एकवीस वर्षांच्या प्रत्येकाला मत. याद्यांचं काम तर घटना मंजूर व्हायच्या आधीच, १९४८ पासून, सुरू झालं होतं. उत्तरेकडच्या काही प्रांतांत बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच. अशी सुमारे २८ लाख नावं पहिल्या निवडणूक आयुक्तांनी, सुकुमार सेन यांनी, यादीतून काढली. तलाठी म्हणून मला तो निर्णय पटतो. नाव नाही तर नोंद नाही. नातू म्हणून पोटात गलबलतं.

तात्या ऐकून म्हणाले, "बरं, पण वय अठराच ना? मग नातसूनही आली." आली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. पुस्तक मागून चाळताना नवव्या परिशिष्टाशी थांबलो. नुसती कायद्यांची यादी. दुसऱ्या क्रमांकावर मुंबईचा १९४८ चा कूळकायदा. सहाव्यावर मुंबई खोती निर्मूलन कायदा.

खोती! कोकणाबाहेरच्या माणसाला हा शब्द समजावताना घाम फुटतो, आणि तो देशाच्या घटनेत बसलाय. तेहतीस वर्षं त्या कायद्याचे फेरफार हाताळले, पण हे मला ठाऊक नव्हतं, हे कबूल करतो.

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं होतं. सरकार खेरांचं. ते मंजूर झालं नाही. पुढे खेरांच्याच सरकारने खोती काढणारा कायदा केला आणि १९५० मध्ये तो लागू झाला. पण जमीनदारीचे असे कायदे कोर्टात अडकायला लागले. मार्च १९५१ मध्ये पाटणा हायकोर्टाने बिहारचा कायदा रद्दच केला. तेव्हा मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. मग घटनेची पहिली दुरुस्ती आली, जून १९५१ मध्ये, आणि तिच्याबरोबर हे नववं परिशिष्ट: यातले तेरा कायदे मूलभूत हक्कांच्या आधारे कोर्टात पाडता येणार नाहीत. कायदेमंत्री तेव्हा बाबासाहेबच.

पण दुरुस्ती केली कोणी? हंगामी संसदेने. अजून एकही सार्वत्रिक निवडणूक झाली नव्हती. 'तोपर्यंत' बसवलेल्या माणसांनी सव्वा-दीड वर्षात घटनाच बदलली. त्यावरून तेव्हा रणकंदन झालं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये कोर्टाने सांगितलं की हंगामी संसदेलाही तो अधिकार आहे.

त्या बदलाने आजोबांसारख्यांच्या पायाखालची जमीन घट्ट झाली. वीस गुंठे भात आणि दीड एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आज माझ्या नावावर आहे, त्याच्या मागच्या फेरफारांना मी कितीदा हात लावलाय. तरीही मी चौदाव्या कलमात शेवटची ओळ लिहिली: तात्पुरत्या कमिटीला घटनेत बदल करता येणार नाही. लिहिताना हात थोडा अडखळला. त्या वेळी दिल्लीत मी असतो आणि माझी ही ओळ चालली असती, तर माप घेऊन माणूस आणखी किती वर्षं खळ्यावर आला असता? पण कोर्टाला न दिसणारं कपाट एकदा केलं की त्यात नंतर काय काय कोंबतात तेही दिसतं. त्या यादीत पुढे पावणेतीनशेच्या वर कायदे गेले. मी ओळ ठेवली. चुकलो असेन.

निवडणूक मे महिन्यात घेतली, चाकरमानी असताना. १९५१-५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, वर चिन्ह चिकटवलेलं, मतदाराने फक्त कागद टाकायचा. आम्ही तेच केलं. वाटणीत आलेल्या नऊ टोपांतले दोन काढले, तोंडाला कापड बांधून फट ठेवली, एकावर नारळाचं चित्र, दुसऱ्यावर फणसाचं. अध्यक्षपदाला दोघेच उभे होते. थोरल्या वहिनी खजिनदार, त्यांच्याविरुद्ध उभं राहण्याची कोणाची हिंमत नव्हती. मत द्यायला आत गेलेली एक काकी बराच वेळ बाहेर येईना. बघतो तर दोन्ही टोपांचं कापड बाजूला करून ती बूड तपासत होती, कोणता टोप गळका ते.

एकशे बारापैकी एक्याण्णव मतं पडली. नारळ जिंकला.

सातबाऱ्यावर एखादा हक्क संपला की आमच्या वेळी नाव खोडत नसू, त्याला कंस करायचो, म्हणजे पूर्वी काय होतं ते वाचता यायचं. माझ्या घटनेच्या प्रतीत ३७९ ते ३९१ ही कलमं नाहीत, नुसते आकडे आणि निरसित असा शेरा. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ती गेली. निकालाच्या रात्री घरी आलो, कंदिलाजवळ बसलो (वीज गेलेली, दुसरं काय) आणि वहीतल्या चौदाव्या कलमाला कंस केला. सकाळी वहिनींनी चावी आणून हातात ठेवली, म्हणाल्या, "आता रीतसर द्या." मग रीतसर दिली. पोच घेतली.